पट्टी पुसली गेली, म्हणून काय सिद्ध झालं?

किरणोत्सारामुळे डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की पेशी काही मिनिटांतच त्या जागेभोवती खूण करते. एचटूएएक्स नावाच्या हिस्टोन प्रथिनाच्या शेपटाकडे, 139व्या क्रमांकाच्या सेरीनवर, फॉस्फेट जोडलं जातं. विल्यम बॉनर यांच्या गटानं 1998 साली अमेरिकेत ही खूण प्रथम दाखवली. तिला गॅमा-एचटूएएक्स म्हणतात, आणि ती पाहायची तर अँटिबॉडी लागते. ही अँटिबॉडी नेमकी त्या खुणेलाच चिकटते आहे ना, हे तपासायला जे कृत्रिम पेप्टाइड वापरतात, त्याच्याभोवती बरेच गैरसमज साठले आहेत.

पहिला गैरसमज नावातूनच येतो. ‘ब्लॉकिंग पेप्टाइड’ म्हटलं की ते पेशीतल्या प्रथिनाचं काम थांबवत असेल, असं विद्यार्थ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते पेशीपर्यंत जातच नाही. दहा-वीस अमिनो आम्लांचा हा तुकडा अँटिबॉडीशी नळीतच गाठ घालतो आणि तिच्या पकडीच्या जागा आधीच भरून टाकतो. वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं ज्यावर घेतात आणि अँटिबॉडी बसली तिथे ज्यावर पट्टी दिसते, तो ब्लॉटचा पडदा दुधाच्या पावडरीच्या द्रावणात बुडवतात, त्यालाही ‘ब्लॉकिंग’च म्हणतात, पण तिथे पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायच्या असतात. शब्द एक असला तरी कामं दोन आहेत.

‘पाचपट पेप्टाइड घाला’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते वजनानं. अँटिबॉडीचं रेणुवस्तुमान सुमारे दीड लाख डाल्टन, पेप्टाइडचं दोन हजारांच्या आसपास. म्हणजे वजनाची पाचपट ही रेणूंच्या संख्येत जवळजवळ पावणेचारशे पट होते. अँटिबॉडीला पकडीच्या जागा दोनच. त्यामुळे पट्टी गेली नाही की पेप्टाइड वाढवत सुटण्याआधी ते नीट विरघळलं होतं का, ते त्याच अँटिबॉडीसाठी बनवलेलं होतं का, हे पाहावं. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाचं पेप्टाइड इथे काहीही करणार नाही.

आता सगळ्यांत घट्ट बसलेला गैरसमज: पेप्टाइड घातल्यावर पट्टी नाहीशी झाली, म्हणजे अँटिबॉडी खात्रीची.

दोन ब्लॉट शेजारी ठेवून पाहा. नमुने तेच, अँटिबॉडी तीच, फक्त दुसऱ्या ब्लॉटसाठी ती आधी पेप्टाइडबरोबर ठेवलेली. पहिल्यावर किरण दिलेल्या पेशींच्या रांगेत 15 किलोडाल्टनजवळ ठळक पट्टी आहे आणि वर कुठेतरी आणखी एक फिकी. दुसऱ्यावर दोन्ही गायब! ‘दोन्ही खऱ्या’ असं म्हणायचा मोह इथेच होतो. पण पेप्टाइडनं एवढंच सांगितलं, की दोन्ही ठिकाणी अँटिबॉडी आपल्या पकडीच्या जागेनंच बसली होती. तसाच तुकडा असलेल्या परक्या प्रथिनावर ती बसली असेल, तर तेही पुसलं जाणारच.

ही शंका केवळ कागदावरची नाही. सेरीनवर फॉस्फेट आणि त्याच्या लगेच पुढे ग्लुटामिन ही जोडी डीएनएच्या नुकसानीनंतर शेकडो प्रथिनांवर उमटते, कारण एटीएम आणि एटीआर ही विकरं अशाच जागा निवडतात. 2007 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अशा 700हून अधिक प्रथिनांची नोंद झाली. एचटूएएक्सची 139वी जागा त्यांतलीच एक. त्यामुळे या क्षेत्रात निव्वळ ब्लॉकिंग पेप्टाइडवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. 2016 साली ‘नेचर मेथड्स’मध्ये अँटिबॉडी पारखण्याचे पाच मार्ग सुचवले गेले. त्यांत जनुक काढलेल्या पेशी वापरणं होतं, एकाच प्रथिनासाठी दोन स्वतंत्र अँटिबॉडी वापरणं होतं. पेप्टाइडनं अडवणं मात्र नव्हतं.

मग हे पेप्टाइड टाकाऊ का? मुळीच नाही. त्याचा खरा कस फॉस्फेटच्या प्रश्नावर लागतो, आणि तिथे एक नव्हे, दोन पेप्टाइडं हवीत: अक्षरक्रम तोच, एकात सेरीनवर फॉस्फेट, दुसऱ्यात नाही. फॉस्फेटवालं घातल्यावर पट्टी जायला हवी, बिनफॉस्फेटचं घातल्यावर ती तशीच राहायला हवी. दोन्हींनी गेली तर ती अँटिबॉडी साध्या एचटूएएक्सलाही ओळखते आहे, आणि नुकसान मोजण्याच्या कामाची नाही. फॉस्फेटवालं तेवढं मागवून काम भागवणाऱ्यांना हे कळतच नाही.

दोन्ही पेप्टाइडांनी पारख झाली, की तोच ब्लॉट एचटूएएक्स नसलेल्या पेशींवर करावा. हे जनुक काढलेले उंदीर 2002 सालीच तयार झाले आणि ते जगतात, त्यामुळे अशा पेशी मिळणं अशक्य नाही. त्या पेशींना किरण देऊनही 15 किलोडाल्टनजवळ पट्टी उमटली, तर ती एचटूएएक्सची नाही. पेप्टाइडनं ती कितीही स्वच्छ पुसली गेलेली असो.