पुसायची राहून गेलेली खूण : लिनक्सच्या ‘डर्टी पाईप’ची गोष्ट

तक्रार अगदी साधी होती. डाऊनलोड केलेली फाईल उघडताना चूक दाखवते, एवढीच. २०२१ मध्ये जर्मनीतील ‘सीएमफोरऑल’ या वेब होस्टिंग कंपनीकडे ती आली आणि प्रोग्रॅमर मॅक्स केलरमान यांनी ती पाहिली. फाईलमधला मजकूर जागेवर होता, फक्त शेवटचा पडताळणीचा आकडा चुकला होता. त्यांनी तो हाताने दुरुस्त केला, तक्रार बंद केली आणि विषय विसरून गेले.

पण काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली. मग पुन्हा. या साध्या तक्रारीच्या मुळाशी जगभरातल्या लाखो सर्व्हरवर आणि नव्या अँड्रॉइड फोनवर चालणाऱ्या लिनक्स कर्नलमधली एक मोठी फट निघाली. तिचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२२-०८४७, आणि बोलीतले नाव ‘डर्टी पाईप’.

आठ बाइट्सचा माग

बिघडलेल्या फाईल म्हणजे ग्राहकांच्या वेबसाईटला कोण कधी भेट देऊन गेले याची रोजची नोंद. प्रत्येक दिवसाची नोंद जीझिप पद्धतीने आकसून ठेवली जाई. अशा फाईलच्या शेवटी आठ बाइट्स असतात. त्यात पडताळणीचा आकडा आणि मूळ मजकुराची लांबी असते. केलरमान यांनी सगळ्या फाईल तपासल्या, तेव्हा तीन महिन्यांत अशा ३७ फाईल बिघडलेल्या सापडल्या. त्यातल्या सर्वाधिक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या होत्या. आणि गंमत म्हणजे त्या शेवटच्या आठ बाइट्सच्या जागी दर वेळी तेच आठ बाइट्स येऊन बसले होते.

ते आठ बाइट्स झिप फाईलच्या अनुक्रमणिकेची सुरुवात होती. ग्राहकाने महिन्याभराच्या नोंदी मागितल्या की सर्व्हर रोजच्या फाईल एकामागून एक पाठवून शेवटी अनुक्रमणिका जोडायचा आणि झिप तयार करून द्यायचा. म्हणजे महिन्याची शेवटची फाईल संपली की लगेच अनुक्रमणिका. ग्राहकाकडे जायचा मजकूर सर्व्हरवरच्या फाईलवरच उमटत होता.

इथेच खरे कोडे होते. झिप तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला त्या फाईल फक्त वाचायची परवानगी होती. लिहायची नव्हतीच. ज्याच्या हातात पेनच नाही, त्याच्या हातून वहीत खाडाखोड होत होती.

शेवटी केलरमान यांनी अगदी काही ओळींचे दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. पहिला एका फाईलमध्ये ‘ए’ हे अक्षर लिहीत राहायचा. दुसऱ्याला त्या फाईलवर लिहायची परवानगी नव्हती. तो फाईल वाचून पाईपमध्ये ढकलायचा आणि पाठोपाठ त्याच पाईपमध्ये ‘बी’ लिहायचा. थोड्या वेळाने फाईल उघडली, तर आत ‘बी’ दिसले! चूक कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. ती खुद्द कर्नलमध्ये होती.

कर्नल आणि रूट म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कोणाला कोणती फाईल वाचू द्यायची आणि कोणाला बदलू द्यायची, हे सगळे तोच ठरवतो. मशीनवर सर्वाधिकार असलेल्या खात्याला ‘रूट’ म्हणतात. बाकीची खाती साधी. साध्या खात्याने नियम मोडून रूटचे अधिकार मिळवले, तर त्याला अधिकारवाढीचा हल्ला म्हणतात.

‘डर्टी पाईप’ वापरून कोणी इंटरनेटवरून थेट मशीनमध्ये शिरू शकत नाही. आधी आत पाय ठेवायला जागा लागते. पण ज्या सर्व्हरवर शेकडो ग्राहकांच्या वेबसाईट असतात किंवा कॉलेजच्या ज्या मशीनवर प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते असते, तिथे आत असणारे पुष्कळ असतात. धर्मशाळेत उतरलेल्या कोणाही पाहुण्याने तिजोरीची किल्ली करून घ्यावी, तसा हा प्रकार.

ट्रेवरची चिठ्ठी

चूक नेमकी काय होती, हे समजायला एक कार्यालय डोळ्यांसमोर आणू.

मूळ वह्या आत कपाटात असतात. ही झाली डिस्क. दर वेळी कपाट उघडायला वेळ लागतो, म्हणून वहीच्या पानाची एक प्रत टेबलावर काढून ठेवलेली असते आणि सगळे तीच पाहून काम करतात. कर्नलमध्ये या टेबलाला ‘पेज कॅशे’ म्हणतात. तिथले एक पान साधारणपणे ४०९६ बाइट्सचे असते.

एका माणसाकडून दुसऱ्याकडे कागद पोचवायला ट्रे फिरतात. हा ‘पाईप’. युनिक्समध्ये ही सोय १९७३ पासून आहे. लिनक्सच्या पाईपमध्ये सहसा असे १६ ट्रे असतात आणि तेच आलटून पालटून वापरले जातात. ट्रेमधला कागद कोरा कच्चा असेल आणि त्यावर जागा उरली असेल, तर ट्रेवर चिठ्ठी लागते : ‘पुढचा मजकूर याच कागदावर लिहा.’ कागद वाचतो, काम लवकर होते.

कधी कधी मात्र कच्चा कागद न वापरता टेबलावरचे पानच ट्रेमधून पाठवले जाते. नक्कल करण्याचा वेळ वाचावा म्हणून ‘स्प्लाइस’ नावाची ही सोय आहे. अशा पानावर कोणी काही लिहिता कामा नये, म्हणून त्या ट्रेवर ती चिठ्ठी असूनच चालत नाही.

घोटाळा इथे झाला. ट्रे रिकामा झाला, तरी जुनी चिठ्ठी तशीच राहिली. नंतर त्याच ट्रेमध्ये टेबलावरचे पान ठेवताना चिठ्ठी काढायला कर्नल विसरला. पुढचा मजकूर आला, ट्रेवरची चिठ्ठी दिसली आणि तो थेट त्या पानावर लिहिला गेला. परवानगी आहे का, हे कोणी विचारलेच नाही, कारण चिठ्ठी म्हणजेच परवानगी.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सांगायचे तर मेमरीतली जागा पुन्हा वापरताना तिथली जुनी किंमत पुसली गेली नाही.

दोन चुका, चार वर्षांचे अंतर

ही चूक एका दिवसात झाली नाही. २०१६ मध्ये कर्नलच्या ४.९ आवृत्तीत आलेल्या एका बदलात ट्रेवरच्या खुणा पुसायचे राहून गेले. पण तेव्हा धोकादायक म्हणावी अशी खूण तिथे नव्हतीच. त्यामुळे चूक असून नसल्यासारखी होती. २०२० मध्ये ५.८ आवृत्तीत पाईपचा कोड सुटसुटीत करताना ‘याच कागदावर लिहा’ ही माहिती त्या खुणांमध्ये आणली गेली. हा बदल एकटा पाहिला तर त्यातही काही वावगे नव्हते. पण आधीची झोपलेली चूक त्याने जागी केली.

दुरुस्ती किती मोठी होती? दोन ठिकाणी एकेक ओळ. खुणांची किंमत शून्य करायची, बस्स.

हल्लेखोर काय करू शकत होता?

लिनक्समध्ये काही फाईल सगळ्यांना वाचता येतात, पण बदलता फक्त रूटला येतात. खात्यांची यादी ही त्यातलीच एक. तिच्यातली रूटची ओळ बदलता आली की मशीन हातात आले. या त्रुटीला मर्यादा होत्या. पानाचा पहिला बाइट बदलता येत नव्हता, एका वेळी पानाची हद्द ओलांडता येत नव्हती, फाईलची लांबी वाढवता येत नव्हती. पण एवढ्यावरही काम भागत होते.

वाईट गोष्ट अशी की बदल टेबलावरच्या प्रतीत होतो. तो बदल झाल्याची नोंद कर्नलकडे नसते, म्हणून कपाटातली वही सहसा जशीच्या तशी राहते. मशीन बंद करून सुरू केले की खाडाखोड गायब. पुरावाही गायब. त्याच कारणाने लिहिण्यास बंद केलेल्या डिस्कवरच्या, अगदी सीडीवरच्या फाईलचीही मेमरीतली प्रत बदलता येत होती.

दुरुस्ती लवकर, फोन उशिरा

केलरमान यांनी २० फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवले आणि सोबत दुरुस्तीही पाठवली. २३ फेब्रुवारीला ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ या दुरुस्त आवृत्त्या आल्या. दुसऱ्याच दिवशी गुगलने अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये ती घेतली. ७ मार्चला सगळा प्रकार जाहीर झाला. नाव ठेवताना २०१६ मधल्या ‘डर्टी काऊ’ची आठवण होती. ती त्रुटी २००७ पासून, म्हणजे नऊ वर्षे, कोणाच्या लक्षात आली नव्हती.

फोनपर्यंत दुरुस्ती पोचायला मात्र वेळ लागला. अँड्रॉइडच्या सुरक्षा पत्रकात ती मे २०२२ मध्ये आली. दरम्यान एप्रिलमध्येच अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने ही त्रुटी प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली होती. धोक्यात होते ते पिक्सेल ६ सारखे त्या वेळचे नवे फोन. जुन्या फोनमध्ये ५.८ च्या आधीचे कर्नल होते, म्हणून ते यातून सुटले. पण ‘जुना फोन बरा’ असा अर्थ कोणी काढू नये. अपडेट बंद झालेल्या फोनमध्ये इतर कितीतरी फटी उघड्याच राहतात.

पुढे काय?

लिनक्सचे कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेले आहे. मेमरीची जागा भरायची, पुसायची, परत करायची, ही जबाबदारी सी प्रोग्रॅमरवर टाकते. माणूस कितीही हुशार असला तरी कधीतरी विसरतोच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की दरवर्षी ते बुजवत असलेल्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांतून येतात. म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. रस्टमध्ये नवी नोंद तयार करताना तिचा प्रत्येक रकाना भरावाच लागतो. नाही भरला, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. मात्र जुना सी कोड करोडो ओळींचा आहे. तो एका रात्रीत बदलणार नाही.

तोवर उपाय जुनाच आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी नवे कर्नल फक्त डाऊनलोड करून थांबू नये. मशीन रीस्टार्ट केल्याशिवाय ते सहसा लागू होत नाही आणि ‘सर्व्हर बंद कसा ठेवायचा’ म्हणून हेच काम महिनोन् महिने पुढे ढकलले जाते. फोन वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि नवे अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे ॲप ठेवायचे का, याचा विचार करावा.

आणि कार्यालयात, दुकानात, लॅबमध्ये कोणी ‘फाईल नीट उघडत नाही’ म्हणून तिसऱ्यांदा सांगितले, तर ‘पुन्हा डाऊनलोड करा’ म्हणून वाटेला लावू नये. ३७ बिघडलेल्या फाईल एकापुढे एक मांडून कोणीतरी नेटाने पाहिल्या, म्हणून ही फट सापडली.