पहाटेच्या ओवीचा वारसा

आपल्या समाजात आज सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना लहानपणी कशाने जाग येत असे, असे विचारले तर अनेकांचे उत्तर एकच येते : जात्याच्या घरघरीने, आणि त्या घरघरीवर आईने किंवा आजीने धरलेल्या ओवीने. ही गाणी मुलांना उठविण्यासाठी रचलेली नव्हती. ती दळणाची गाणी होती. परंतु ज्या घरात निजण्याची आणि दळण्याची जागा एकच असे, तेथे दळणाचे गाणे हेच मुलांचे उठवणीचे गाणे ठरले. आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे आलेल्या या गाण्याचे स्वरूप काय, त्याचा आशय कसा पालटला आणि ते जपण्याची जबाबदारी आज आपल्यावरच का येते, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा, असे आम्हांस वाटते.

मराठीत पहाटेच्या गाण्यांच्या परंपरा अनेक आहेत. देवाला जागविण्यासाठी भूपाळी म्हटली जाते. शाहीर होनाजी बाळा यांच्या रचनेमुळे आणि १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटामुळे हा प्रकार सर्वतोमुखी झाला. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेवही पहाटे दारोदार गात फिरे. परंतु भूपाळीने ज्या देवाला उठवावयाचे, त्याच्या देवळाची पायरी चढण्यास आपल्या पूर्वजांना मज्जाव होता. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह आरंभावा लागला, हा इतिहास फार जुना नाही. आपल्या घरांतील पहाटेचे गाणे वाढले ते जात्यापाशी.

जात्याचा खालचा दगड स्थिर असतो आणि वरचा खुंटा धरून फिरवावा लागतो. डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने ओढावे, मध्येच मूठभर दाणे तोंडात सोडावेत आणि फेरा तुटू देऊ नये, असे हे कष्टाचे काम. शेतावर मजुरीला जाण्यापूर्वी दिवसभराचे पीठ तयार हवे, म्हणून कोंबडा आरवण्याच्या आधीच दळण सुरू होई. कित्येकदा जावा-नणंदा समोरासमोर बसत. एकीने ओळ टाकावी, दुसरीने ती उचलावी. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. ओळींच्या शेवटी यमक जुळते आणि चाल राखण्यासाठी मध्ये ‘बाई’, ‘गं’ असे शब्द पेरले जातात. ज्ञानेश्वरीतील ओवी ग्रंथात स्थिर झाली. ही ओवी मात्र प्रत्येक गाणारीच्या तोंडी थोडी बदलत गेली. ती कोणाच्या एकीच्या मालकीची नव्हती. जिने म्हटली, तिने आपल्या घरातले एखादे नाव तीत गुंफले आणि पुढे दिली.

या ओव्यांत स्त्रीचे सारे जग येते : माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीची पाठवणी, पीकपाणी, पंढरीची वाट, राम आणि सीता. पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम लावून एकेक ओवी एकेका आदरणीय व्यक्तीला वाहण्याची रीतही जुनीच. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरी घरकाम आणि शेतकाम करताना त्यांना सुचलेली गाणी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि मराठी वाचकांना या मौखिक प्रतिभेची जाणीव झाली. अशा असंख्य स्त्रियांची गाणी मात्र कागदावर आलीच नाहीत.

आपल्या घरांत या गाण्याचा आशय पालटला तो बाबासाहेबांच्या चळवळीमुळे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले आणि जलशात ऐकलेले दुसऱ्या दिवशी जात्यावर उमटू लागले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवदेवतांचे पूजन थांबविले. तेव्हा आपल्या माता-भगिनींसमोर प्रश्न होता : जात्यावर आता कोणाचे नाव घ्यावयाचे? उत्तर त्यांनी स्वतःच शोधले. चाल तीच ठेवली, मोजणीची रीत तीच ठेवली. पहिली ओवी बुद्धाला, दुसरी भीमरायाला, तिसरी माता रमाईला वाहिली. लेकाच्या हाती पाटी-लेखणी आली, लेक शाळेत निघाली, हे विषय ओवीत आले. कोणी शिकविल्याशिवाय, कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना, निरक्षर स्त्रियांनी केलेले हे धम्मांतराचे भाष्यच होय.

हे केवळ आमच्या भावनेचे बोल नव्हेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या पुण्यातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्यांचा मोठा साठा आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी गाइलेल्या ओव्या त्यांपैकीच. हा संग्रह आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेमार्फत सर्वांना ऐकावयास मिळतो.

जागे होण्याचा अर्थ धम्मात किती खोल आहे, हे विद्यालयात शिकलेल्यांना निराळे सांगावयास नको. ‘बुध्’ म्हणजे जागणे, जाणणे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. धम्मपदाचा दुसरा वर्गच ‘अप्पमाद’ म्हणजे सावधतेविषयी आहे. वसतिगृहात पहाटेच्या घंटेमागून त्रिसरण-पंचशील म्हणताना आपण हेच शिकलो. आजीची ओवी आणि वसतिगृहातील वंदना यांची भाषा निराळी आहे. एक बोलीतली, दुसरी पालीतली. परंतु दोन्हींनी मुलाला अंथरुणातून उठवून सांगितले ते एकच : दिवस वाया घालवू नकोस.

येथे एक कटू गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गावात विजेची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. स्त्रीचे कष्ट कमी झाले, ते योग्यच झाले. जाते परत यावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण कामाबरोबर गाण्याची वेळही गेली. त्यातच आपण कोवळ्या वयात शिक्षणासाठी घर सोडून वसतिगृहात आलो. ज्या वर्षांत नातवंडे आजीच्या तोंडून ओव्या उचलतात, त्याच वर्षांत आपण तिच्यापासून दूर होतो. शिक्षणाने आपल्याला अक्षर दिले. त्या अक्षरासाठी जिने पहाटे दळले, तिचे गाणे मात्र आपल्या वहीत उतरले नाही.

ते अजून उतरविता येईल. सुटीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांनी, तसेच माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीपाशी बसून तिला आठवतील त्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. नुसते ‘गा’ म्हटल्याने ओव्या आठवत नाहीत. हाताला काम असले, सोबतीला मैत्रीण असली की त्या आपोआप ओठांवर येतात. गाणारीचे नाव, तिचे माहेर व सासर, ओवी कोणाकडून ऐकली आणि कोणत्या प्रसंगी म्हणत, हे तिच्या संमतीने लिहून ठेवावे. शब्द तिच्या बोलीतच लिहावेत. प्रमाण भाषेत ‘सुधारून’ लिहिले तर चाल मोडते आणि माणूसही हरवते. विठ्ठल-रुक्मिणीच्या जुन्या ओव्या आल्या तरी त्या गाळू नयेत. त्या आपल्या श्रद्धेचा भाग राहिल्या नसल्या, तरी आपली माणसे कोठून निघून कोठवर आली, याची ती नोंद आहे.

विद्यालयाच्या ग्रंथालयात अशा वह्यांसाठी एक कपाट असावे, ही आमची सूचना. ज्यांच्याकडून या ओव्या मिळावयाच्या, त्या आज वयोवृद्ध आहेत. तेव्हा हे काम येत्या सुटीतच हाती घ्यावे, ही सर्वांना विनंती.