पॅरोलवर सुटलेला माणूस आणि आपलं गाव

बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस एक दिवस एसटीतून गावात उतरतो आणि मग कुजबुज सुरू होते, "हा सुटला कसा?" बहुतेक वेळा तो सुटलेला नसतो, रजेवर आलेला असतो. घरात मृत्यू, आजारपण अशा कारणासाठी मिळते ती पॅरोल, म्हणजे अभिवचन रजा. शिक्षेचा काही काळ भोगल्यावर मिळते ती फर्लो, म्हणजे संचित रजा. आपल्या राज्यात यासाठी १९५९ मध्ये नियम झाले. बलात्काराच्या कैद्यांसाठी ते पुढं कडक झाले, तरी घरात मृत्यू झाला तर थोड्या दिवसांची रजा मिळू शकते.

ही रजा अटींवर असते. जामीनदार द्यावा लागतो, राहण्याचा पत्ता सांगावा लागतो, पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते. अट मोडली तर रजा रद्द होऊ शकते.

खरा प्रश्न पत्त्याचा आहे. सरकारी आकडे सांगतात, बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे त्याचं घर आणि तिचं घर बरेचदा एकाच आळीत! म्हणून अट नेमकी हवी. "चांगलं वागावं" ही अट कोण तपासणार? "दुसऱ्या गावी नातेवाइकाकडं राहावं, पीडितेच्या वस्तीत येऊ नये, तिला फोन किंवा निरोप पाठवू नये, रोज ठाण्यात सही करावी," हे तपासता येतं. गुन्हा लहान मुलीवरचा असेल तर शाळा, अंगणवाडीपासून लांब राहण्याची अट मागावी.

नेमकी अट घालता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरमीत राम रहीमला पॅरोल मिळाली, तेव्हा निवडणुकीमुळं हरियाणात यायचं नाही, भाषण करायचं नाही, अशा अटी होत्या. मतांसाठी अशी काळजी घेता येते, तर बाईच्या जिवासाठी का नको?

हे सांगायची वेळ रजेआधीची. अर्ज आला की पोलीस गावात चौकशी करतात. पीडितेनं तुरुंग अधीक्षक आणि ठाणेदार यांना आधीच लेखी द्यावं: "रजेचा अर्ज आल्यास मला कळवावं, माझं म्हणणं ऐकावं." अर्जाची पोच घ्यावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटानं दोन गोष्टी सांभाळाव्यात. तिचं नाव कुठंही छापू नये, मोबाईलवर फिरवू नये. तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्याच्या घरावर चालून जाऊ नये. त्याच्या आईचा, बायकोचा यात काय दोष? शिवाय हाकललेला माणूस कुठं गेला हे कोणालाच कळत नाही. ठरल्या पत्त्यावर असलेल्यावर नजर ठेवता येते.

अट मोडलेली दिसली तर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि ठाण्यात लेखी द्या. धोका असेल तर लगेच ११२. आणि तिला बाजारात, दवाखान्यात एकटीनं जावं लागू नये, म्हणून सोबतीच्या पाळ्या गटाच्या बैठकीत आजच लावून घ्या.