कळ आली तेव्हा काय करत होता?

छातीत दुखू लागलं की आपल्या मनात दोनच गोष्टी येतात. हार्ट अ‍ॅटॅक, नाही तर गॅस. आज मी तिसऱ्याच एका आजाराविषयी बोलणार आहे. तो विरळ आहे, पण वेळेत ओळखला नाही तर माणूस हाती लागत नाही.

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थराला चीर पडली की रक्त जोराने भिंतीतच शिरतं आणि थर सुटू लागतात. कोटाचं अस्तर उसवलेलं असलं की हात बाहीत न जाता अस्तर आणि कापड यांच्यामध्ये घुसतो ना, तसं. याला एओर्टिक डिसेक्शन म्हणतात. वाटेत मेंदूकडे, हाताकडे किंवा पायाकडे जाणारी जी शाखा दाबली जाईल, तशी लक्षणं बदलतात. कुणाला अर्धांगवायू होतो, कुणी बेशुद्ध पडतो, कुणाचा पाय गार पडतो. म्हणूनच हा आजार डॉक्टरांना चकवतो.

मलाही चकवलं. रेसिडेंट डॉक्टर असताना एका रात्री पन्नाशीचे एक गृहस्थ आले. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या होत्या. छातीतून निघालेली कळ पाठीत गेली होती. ईसीजी ठीक निघाला, तोवर कळही ओसरली. मी अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे त्यांना परत आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचलं होतं, हे शवविच्छेदनात कळलं. ‘सुपारी कातरत होतो आणि अडकित्ताच हातातून पडला,’ असं ते मला सांगत होते. मी ते केसपेपरवर लिहिलंसुद्धा नाही.

हार्ट अ‍ॅटॅकचं दुखणं बहुधा हळूहळू वाढत जातं. ही कळ मात्र पहिल्याच क्षणी पराकोटीची असते, काही तरी फाटल्यासारखी, पुष्कळदा पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. त्यामुळे रुग्णाला तो क्षण आठवतो. आता मी प्रथम तेच विचारतो. मग दोन्ही मनगटांची नाडी पाहतो, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजतो. वरच्या आकड्यात वीसपेक्षा जास्त फरक आढळला तर शंका बळावते. फरक नसला म्हणून निश्चिंत मात्र होता येत नाही. छातीचा एक्स-रेही नॉर्मल येऊ शकतो. शंका आली की सीटी अँजिओग्राफी, तीही लगेच. कारण हार्ट अ‍ॅटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध दिलं तर ते जिवावर बेततं. चीर हृदयालगतच्या भागात असेल तर तातडीने ऑपरेशन करावं लागतं; खालच्या, उतरत्या भागात असेल तर बरेचदा रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांवर निभावतं.

या ऑपरेशनचा पाया घालणारे अमेरिकन सर्जन डॉ. मायकेल डिबेकी यांना ३१ डिसेंबर २००५ रोजी हीच कळ आली. वय ९७. त्यांनाही आधी हार्ट अ‍ॅटॅकच वाटला! मग मात्र त्यांनी स्वतःच निदान केलं आणि स्कॅनमध्ये ते खरं ठरलं. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांचं ऑपरेशन झालं, आणि ते जुलै २००८ पर्यंत जगले.

घरात कुणाला हा आजार झाला असेल, कुणाला मार्फान सिंड्रोम असेल किंवा कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं. अशा घरातल्या भावंडांची आणि मुलांची इको तपासणी करता येते. हृदयालगतची महारोहिणी रुंदावत चालली असेल, तर ती चिरण्याआधीच त्यात दिसतं.