‘फीमेल’चे कूळ कोणते?

इंग्रजीत नराला ‘मेल’ आणि मादीला ‘फीमेल’ म्हणतात. तेव्हा ‘मेल’ला ‘फी’ जोडून ‘फीमेल’ झाला असावा, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. ‘मेल’ आला लॅटिन ‘मास्कुलुस’पासून. ‘फीमेल’चे मूळ मात्र लॅटिन ‘फेमिना’, म्हणजे स्त्री, या शब्दात आहे. त्याचे लघुरूप ‘फेमेला’. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि चौदाव्या शतकात ‘मेल’च्या सहवासाने त्याचे स्पेलिंग बदलले.

मग ‘फेमिना’चा मूळ अर्थ काय? १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात असे मत मांडले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात. पुढे संशोधकांना दिसून आले की, या भाषांतील ध्वनी ठरावीक नियमांनी बदलतात. संस्कृत शब्दाच्या आरंभी ‘ध’ असेल, तर त्याच्या लॅटिन भावंडात ‘फ’ येतो. उदाहरणार्थ, संस्कृत ‘धूम’ आणि लॅटिन ‘फूमुस’. दोहोंचा अर्थ धूर.

आता ‘फे’शी जुळणारा ‘धे’ शोधू या. संस्कृतात ‘धे’ हा धातू आहे. अर्थ दूध पिणे. ‘धेनु’, म्हणजे दुभती गाय, हा त्याच कुळातला शब्द. आणि ‘मिना’ हा प्रत्यय ‘वर्तमान’, ‘विद्यमान’ यांतील ‘मान’चा भाऊबंद. म्हणून ‘फेमिना’ म्हणजे बाळाला अंगावर पाजणारी. लॅटिनमध्ये मुलाला ‘फीलिउस’ म्हणतात. तोही याच धातूपासून आला आहे.

नियम सोडून नुसत्या ध्वनिसाम्यामागे गेले की काय होते, तेही पाहा. १४८६ च्या सुमारास जर्मनीत हाइनरिख क्रामर याचा चेटकिणींविरुद्धचा ‘मालेउस मालेफिकारुम’ हा ग्रंथ छापला गेला. त्यात ‘फे’ म्हणजे श्रद्धा व ‘मिनुस’ म्हणजे कमी, अशी ‘फेमिना’ची फोड केली होती. स्त्रिया श्रद्धेने कच्च्या, म्हणून सैतानाच्या नादी लागतात, असा त्याचा दावा! वास्तविक श्रद्धेला लॅटिन शब्द ‘फिदेस’. त्याच्या ‘फि’चा ‘फे’ का व्हावा आणि ‘देस’ कोठे गेला, याला कोणत्याही नियमाचा आधार नव्हता.

पुढील दोन शतकांत युरोपात हजारो स्त्रियांना चेटकीण ठरवून मारण्यात आले. ही खोटी व्युत्पत्ती काही त्याचे एकमेव कारण नव्हे. पण अशा समजुतींना तिने विद्वत्तेचा मुलामा दिला. आईच्या दुधावरून पडलेले नाव तिच्याचविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले!

म्हणून कोणी शब्दाची फोड करून दाखवली, की एक प्रश्न जरूर विचारा: हा नियम दुसऱ्या शब्दांनाही लागू पडतो का?