‘स्टॅक’ म्हणजे ढीग नव्हे
‘स्टॅक’पुढे मी सरसकट ‘ढीग’ लिहीत असे. संगणकाच्या एका पाठाचे भाषांतर करताना अडलो. तिथे ‘हीप’ही होता आणि ‘ढीग’ खरा त्याचाच. प्राचीन नॉर्समधून आलेला ‘स्टॅक’ मुळात गवताच्या गंजीचा. पुढे तो धुराड्याला, ग्रंथालयातील कपाटांच्या रांगांना, समुद्रातील सुट्या सुळक्यालाही लागला. संगणकात शेवटी ठेवलेले आधी निघते. ढिगात असा क्रम नसतो, उतरंडीत असतो: वरचे मडके उतरवल्याशिवाय खालचे हाती येत नाही. धान्याची रास, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी, कागदांची चवड. मराठी शब्द रचनेप्रमाणे बदलतो. म्हणून प्रतिशब्द देण्याआधी रचना पाहावी. संगणकातल्या ‘स्टॅक’ला मी आता ‘उतरंड’ म्हणतो.