पुलीचं भोक 28, शाफ्ट 24: हळदीच्या हंगामात मोटर बदलताना नेमकं कुठे चुकतं?

हिंगोली जिल्ह्यात हळद निघाली की ती उकडायची, वाळवायची आणि मग पॉलिश ड्रममध्ये फिरवायची. वसमत, कळमनुरी भागात हे नेहमीचं चित्र. काही ड्रम ट्रॅक्टरवर चालतात, काही विजेच्या मोटरवर. मोटर नेमकी याच दिवसांत जळते. शेजारच्या गावातून दुसरी मिळते, पण जुनी पुली तिच्या शाफ्टवर बसत नाही.

याचं कारण साधं आहे. 1440 फेऱ्यांच्या थ्री फेज मोटरमध्ये सहसा 2 एचपीला 24 मिमीचा शाफ्ट असतो, 3 आणि 5 एचपीला 28 मिमीचा. जुन्या किंवा सिंगल फेज मोटरींचं माप वेगळंही निघतं. म्हणून लेथवर जाण्याआधी शाफ्ट आणि भोक दोन्ही व्हर्निअरने मोजावं, अंदाजाने सांगू नये.

समजा 3 एचपीची मोटर जळाली आणि हाताशी 2 एचपीची आहे. (मग ड्रमही कमीच भरायला हवा, नाहीतर हीसुद्धा जळेल.) पुली ढिली बसते. अनेकजण पत्र्याची पट्टी गुंडाळून स्क्रू आवळतात. स्क्रू पुलीला एका बाजूला ओढतो आणि तिचा मध्य 2 मिमीपर्यंत सरकतो. 3 किलोची पुली सेकंदाला 24 वेळा फिरताना तेवढ्यानेच सुमारे 14 किलोचा हिसका बसतो, तोही प्रत्येक फेरीला. आधी बेअरिंग वाजतं, मग पट्टा कापला जातो.

बरोबर उपाय म्हणजे लेथवर बुश करून घेणं: आतून 24, बाहेरून 28. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती चावीत. बुश पुलीला फक्त मध्यावर धरतो. पुली फिरवते ती शाफ्टच्या खाचेत बसणारी चौकोनी चावी. 2 एचपीच्या पूर्ण लोडवर तिच्यावर 80 किलोपेक्षा जास्त जोर येतो, सुरू होताना त्याहूनही जास्त.

24 आणि 28 या दोन्ही शाफ्टची चावी सारखीच, 8 मिमी रुंद आणि 7 मिमी उंच. म्हणून जुनीच चावी घातली जाते. पण मधे 2 मिमीचा बुश आल्यावर ती पुलीच्या खाचेत जेमतेम 1 मिमी शिरते. एवढ्याशा पकडीवर कडा झिजतात आणि पुली शाफ्टवर घसरायला लागते. बुशला लांबीभर आरपार चीर पाडून घ्यावी आणि चावी नवी, सुमारे 9 मिमी उंचीची करून घ्यावी.

उलट बाजू सोपी आहे. भोक 24 आणि शाफ्ट 28 असेल तर पुली बोअर करून घ्यायची. मात्र चावीची खाचही 2 मिमी खोल करावी लागते. खाचेवर बिडाची भिंत पातळ उरत असेल तर नवी पुली घेतलेली बरी. शाफ्ट घासून बारीक करणं किंवा पुली वेल्डिंगने चिकटवणं, दोन्ही टाळावं. पुढच्या वेळी बेअरिंग बदलायला ती पुली निघणारच नाही.

पुली हातोड्याने ठोकून बसवू नये, तो मार थेट बेअरिंगवर जातो. काम करताना मेन स्विच बंद आणि फ्यूज खिशात. पहिली दहा मिनिटं ड्रम रिकामा चालवावा, मग मोटर थांबवून स्क्रू पुन्हा आवळावा आणि पट्ट्यावरची जाळी परत लावूनच हळद भरावी.